जात्याशी बोललेले शब्द : ओवीतले प्रेम आणि ओवीतली ‘मी’

माहेरवाट

नमस्कार. गेल्या महिन्यात आईचे वर्षश्राद्ध झाले आणि त्यानंतर आम्ही बहिणींनी तिची पत्र्याची ट्रंक उघडली. दोन इरकली लुगडी, डांबराच्या गोळ्या आणि सगळ्यात खाली तांबड्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, एवढेच तिच्यात होते. वहीच्या पहिल्या पानावर आईच्या वळणदार अक्षरात ‘आईच्या ओव्या, उन्हाळा 1978’ असे लिहिलेले आहे.

माझी आजी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली. गावात गिरणी आल्यानंतरही काही वर्षे ती जोंधळ्याचे दळण जात्यावरच करीत असे, कारण गिरणीतून येणारे पीठ तापलेले असते आणि त्याच्या भाकरीला चव राहत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्या सुट्टीत आई रोज पहाटे तिच्यासमोर बसली, खुंट्याला एक हात लावला आणि दळण उरकल्यावर आठवतील तेवढ्या ओव्या शिसपेन्सिलीने उतरवून घेत गेली. अशा 143 ओव्या भरल्या. त्यांतल्या बऱ्याच माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या आहेत आणि थोड्याफार फरकाने त्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी सापडतील. काही मात्र मला इतरत्र कुठेही भेटलेल्या नाहीत. त्यांतली ही पहिली :

*बोलाया गेले बाई, ओठ माझं शिवलेलं*
*दगडाच्या कानामंदी, गूज सारं वतलेलं*

आजोबांविषयी संपूर्ण वहीत एकच ओवी आहे. ती अशी :

*हौशा भ्रताराचं नाव, ओठावरी कधी न्हाई*
*त्याच्या वाटची भाकर, तव्यावरी गार न्हाई*

मी रोज सकाळी फोनवर प्रेमाविषयी, स्वतःला ओळखण्याविषयी, माणसाच्या जगण्याविषयी सुविचार वाचते. मीही ते पुढे पाठवते आणि कठीण दिवसांत त्यांनी मला खरोखर आधार दिला आहे. तरी ही वही वाचताना मला राहून राहून वाटले की सुविचार सगळ्यांना उद्देशून बोललेला असतो आणि ओवी कोणालाच उद्देशून नसते. समोर फक्त दगड असतो. ऐकणारे कोणी नाही, आपल्या बोलण्याची कोणी नोंद करणार नाही, अशी खात्री असल्यामुळेच त्या बाईला खरे बोलता आले असेल का? प्रेम हा शब्द त्या 143 ओव्यांत एकदाही आलेला नाही, पण भाकर गार होऊ न देणारी ती बाई काय सांगते आहे, याविषयी मला काडीचीही शंका वाटत नाही.

आपल्या घरच्या ओव्यांत प्रेम कसे येते आणि ‘मी’ कशी येते, हे इथे सविस्तर लिहावे, अशी मनापासून विनंती आहे.

गोदाकाठ

माहेरवाट ताई, वही जपून ठेवा. मी गंगाखेडच्या परिसरातला आहे, म्हणजे जनाबाईंच्या गावाकडचा, त्यामुळे दळण आणि देव हे दोन शब्द आमच्याकडे लहानपणापासून एकत्रच कानावर पडतात. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईने विठ्ठलाला जात्याशी बोलावले आणि तो येऊन तिच्याबरोबर दळू लागला, ही कथा आमच्या आज्या अशा सांगत की जणू त्यांनी ते शेजारच्या ओसरीतून पाहिले होते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे जाते म्हणून एक जाते दाखवतात. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो आहे. त्या जागी जाणाऱ्या बायका आधी खुंट्याला हात लावतात, थोडेसे फिरवतात आणि मग नमस्कार करतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपण ‘मी’विषयी विचारले आहे. जनाबाई अभंगाच्या शेवटी आपले नाव नामदेवांच्या नावाला जोडून घालतात, स्वतःला दासी म्हणवतात, पण नाव घालतात. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका स्त्रीचे नाव सातशे वर्षे टिकले आहे, ते त्या एका ओळीमुळे. जात्यावरच्या ओवीला मात्र अशी नाममुद्रा नसते. ती कोणी रचली हे कोणी विचारत नाही आणि जिने म्हटली तिची ती होते. त्यामुळे ओवीतली ‘मी’ ही एकीची आहे की सगळ्यांची, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे.

माझ्या आजीच्या ओव्यांत मुलगा ‘राघू’ होता आणि मुलगी ‘मैना’. घरात ती आम्हाला नावानेच हाक मारी, तीही जरा कडक आवाजात. राघू-मैना हे शब्द मी तिच्या तोंडून फक्त जात्यावर ऐकले. दिवसभर जी माया तिला दाखवता येत नसे, तिला पहाटे एक टोपणनाव मिळत असे.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षे मराठी शिकवले. ‘ओवी’ शब्द निघाला की ज्ञानेश्वरीपासून सुरुवात करण्याची आपल्याला सवय आहे आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाने ओवीला जी उंची दिली तिच्यापुढे नतमस्तकच व्हावे लागते. परंतु ओवी त्याच्याही आधीची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ.स. 1129 च्या सुमारास, महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. राजाने संगीताची चर्चा करताना उखळापाशी बसलेल्या बायकांचे गाणे नोंदण्याजोगे मानले, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि मुलींचे चेहरे उजळलेले पाहत असे.

ओवणे या क्रियापदाशी ओवीचे नाते जोडतात. जात्यावरच्या ओवीचे ओवणे शरीराने होते. दोघी समोरासमोर बसतात, पाय पसरतात किंवा एक गुडघा उभा ठेवतात, एकच खुंटा दोघींच्या हातात असतो, एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. ओळीचा पहिला तुकडा एका फेऱ्यात जातो, मध्ये श्वास घ्यावा लागतो, मग दुसरा तुकडा. एकीने पहिली ओळ म्हटली की दुसरी तिची ओळ उचलते, तेवढ्यात पहिली मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडते. दाणे संपत आले की दगडाचा आवाज खरखरीत होतो आणि ओवी थोडी थांबते. म्हणजे छंद शिकवणारा गुरू तिथे दगडच आहे. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची आणि ही दोन ओळींची, हा फरक पाठ्यपुस्तकात असतो, पण श्वासाचा हा भाग बहुधा नसतो.

एक प्रश्न विचारतो. आजींच्या काही ओव्या आपल्याला इतरत्र भेटल्या नाहीत असे आपण म्हणता. त्यांच्यापैकी आणखी एखादी इथे देता येईल का?

खुंटा

माझे वय चौऱ्याहत्तर आहे आणि मी लग्नानंतर नऊ वर्षे जात्यावर दळले आहे. वरील तिन्ही लेखन मला आवडले, तरीही काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरात अकरा माणसे होती. पहिल्या कोंबड्याला उठायचे, चार-साडेचार पायली दळण उरकायचे, मग सडा, पाणी, चूल, आणि उजाडल्यावर रान. उजव्या हाताच्या तळव्याला खुंट्याने जे घट्टे पडले ते माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नापर्यंत होते. बाळंतपणानंतर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत मला जात्यावर बसावे लागले आणि त्या पहाटे माझी ओवी ओळीच्या मध्येच तुटत होती, कारण दम पुरत नव्हता. ज्या दिवशी गावात गिरणी सुरू झाली त्या दिवशी आम्ही जावा-जावांनी गूळ वाटला. ओवी सुंदर आहे म्हणून जाते सुंदर होते असे कोणी कृपा करून समजू नये. गेलेल्या गोष्टीविषयी हळहळताना ती कोणाच्या खांद्यावर होती हे आधी विचारावे.

दुसरे असे की माहेरवाट म्हणतात, ओवी कोणालाच उद्देशून नसते. ते खरे नाही. जाते घराच्या आतच असते आणि पहाटे घर निःशब्द असते. भिंतीपलीकडे सासूबाई जाग्या असत, मामंजी जागे असत, नवरा पांघरुणात जागा असे. समोर बसून जे बोलले असते तर घरात महाभारत झाले असते, ते मी ओवीत घालत असे. माझ्या भावाला निरोप पाठवू देत नव्हते तेव्हा मी सलग आठ दिवस त्याच्याच ओव्या म्हटल्या. नवव्या दिवशी मामंजींनी, माझ्याकडे न पाहता, बाजारला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला. त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही. ओवीची मर्यादा अशी होती की ऐकणाऱ्याने ऐकले असे दाखवायचे नाही आणि म्हणणारीने सांगितले असे दाखवायचे नाही. दगडाला सांगायचे ते याचसाठी.

माहेरवाट

खुंटा आजी, आपले लेखन मी दोनदा मोठ्याने वाचले, दुसऱ्यांदा माझ्या मुलीला समोर बसवून. माझे म्हणणे चुकले, हे मोकळेपणाने मान्य करते. ‘दगडाच्या कानामंदी’ ही ओळ मी एकटेपणाची समजत होते. आता वाटते की आजीला भिंतीपलीकडचा कान चांगलाच ठाऊक होता. त्या ओवीखाली आईने बारीक अक्षरात ‘ही दोनदा म्हटली’ असे लिहिले आहे आणि त्या नोंदीचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नव्हता.

पाटीपेन्सिल सर, आपण मागितलेली ओवी देते. वहीच्या अगदी शेवटी आहे :

*माझ्या नावाची गं चिठ्ठी, कुणी कधी धाडली न्हाई*
*पिठावर बोट माझं, माझं नाव लिहीत जाई*

पाटीपेन्सिल

ही ओवी वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकलो नाही. आजी लिहायला शिकल्या होत्या का?

माहेरवाट

नाही. त्यांच्या घराच्या कागदपत्रांवर सगळीकडे त्यांचा अंगठा आहे. म्हणूनच ही ओवी मला कळत नाही. मी मावशीला विचारून सांगते.

सातबारा

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. ओव्यांच्या धाग्यावर वकिलाने काय लिहावे असे वाटेल, पण भावाच्या ओव्यांविषयी मला जे दिसते ते मांडते.

कोणताही संग्रह उघडला तरी बंधुरायाच्या ओव्या पानोपानी भेटतात. भाऊ येतो, घोड्यावरून किंवा छकड्यातून येतो, चोळी आणतो, बहिणीच्या दारात त्याची सावली पडते आणि तिचे घर भरून जाते. या प्रेमात खोटे काही नाही. मात्र माझ्या टेबलावर दर आठवड्याला एखादे हक्कसोडपत्र येते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये तिला वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलाच्या बरोबरीने आणले. तरीही पन्नाशीची, साठीची बाई येते, भाऊ बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि मी तिला एकटीला विचारते, ‘ताई, तुम्ही हे स्वखुशीने करता आहात ना?’ उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते : माहेर तुटायला नको.

म्हणून मला वाटते की भावाच्या ओवीत प्रेम आणि धास्ती एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. आई-बाप गेल्यावर माहेरचे दार उघडे ठेवण्याचा अधिकार एकट्या भावाकडे उरतो. नवरा वाईट निघाला, मूल आजारी पडले, दुष्काळ आला, तर पाऊल ठेवायला जी एकच जागा आहे तिची किल्ली त्याच्या हातात असते. ती बाई भावाची स्तुती गाते तेव्हा ती त्याच्यावर जीव टाकत असते आणि त्याच वेळी त्याला त्याच्या कर्तव्याची आठवणही करून देत असते. प्रेमाला गरज चिकटली म्हणून ते उणे होते असे मी मानत नाही. उलट गरज असताना, राग असताना, वाटा सोडून दिलेला असताना ज्याच्याविषयी माया वाटते, त्या मायेची किंमत मला जास्त वाटते. फक्त ती किंमत दर वेळी एकाच बाजूने का मोजली जाते, हा प्रश्न मात्र मी त्या बाकावर बसलेल्या भावांना विचारत आले आहे. चौदा वर्षांत तिघांनी कागद परत घेतले. त्यातल्या एकाने नंतर बहिणीच्या नावावर दीड एकर करून दिले आणि ती माझ्या कार्यालयात येऊन पेढे ठेवून गेली, काही न बोलता.

घरोट

आमच्याकडे खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरींची घरोटाला उद्देशून कविता आहे हे आपल्याला माहीत असेलच. 1880 ते 1951 हे त्यांचे आयुष्य. लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून त्या बोलत गेल्या आणि घरच्यांनी लिहून घेतले, आणि त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते शब्द पुस्तकरूपाने लोकांसमोर आले. तरुणपणी वैधव्य आले तरी त्यांची रचना स्वतःच्या दुःखाभोवतीच घुटमळत राहत नाही. ती संसार, मन, पेरणी, पाखरू यांच्याकडे जाते आणि तिथून स्वतःकडे पाहते. माहेरवाट यांच्या आजींची ओवीही मला तशीच वाटते. ती बाई ‘मी दुःखी आहे’ असे म्हणत नाही, ती बोट पिठावर ठेवते.

सगळ्या महाराष्ट्रात अशा किती बहिणाबाई असतील, ज्यांच्या घरी लिहून घेणारा मुलगा किंवा मुलगी नव्हती, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. आपल्या आईने तो उन्हाळा वहीसाठी दिला, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार.

निळीपहाट

इथे एक गोष्ट अजून आलेली नाही, म्हणून लिहिते. आमच्या आजीला घरी दळायला स्वतःचे धान्य क्वचितच असे. ती दुसऱ्यांच्या घरचे दळण-कांडण करी, तेही त्यांच्या ओसरीबाहेर बसून. तिथे ती मुकी असे, कारण दुसऱ्याच्या दारात ओवी म्हणायला तिला कधी मोकळे वाटले नाही. स्वतःच्या जात्यावर मात्र ती गायची, आणि तिच्या ओवीतला भाऊ, बाप, सखा, सगळे काही भीमराव होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला ती गेली होती, माझ्या वडिलांना कडेवर घेऊन. परत आल्यावर तिने देवांच्या ओव्या सोडल्या, पण चाल तीच ठेवली, जाते तेच ठेवले आणि पहिली ओवी बुद्धाला वाहिली.

माणूस स्वतःकडे कसा पाहतो ते त्याच्या शब्दांत बदलते तेव्हा ते कसे दिसते, हे मी तिच्या ओव्यांत पाहिले आहे. आधीच्या ओव्यांत ‘माझ्या नशिबी’ असे शब्द येतात. नंतरच्या ओव्यांत ‘माझ्या लेकाच्या पाटीवर’ असे येते. ती स्वतः शेवटपर्यंत निरक्षर राहिली. तिचा मुलगा, म्हणजे माझे वडील, तलाठी झाले आणि ज्या ओसरीबाहेर ती दळत असे त्या ओसरीत त्यांना खुर्ची मिळाली. त्या दिवशी ती तिथे गेली नाही. घरी बसून दळत राहिली, असे वडील सांगत. तिच्या ओव्या आम्ही लिहून घेतल्या नाहीत, मला आठवतात त्या सात.

गोदाकाठ

निळीपहाट ताई, त्या सात इथे किंवा जिथे आपल्याला योग्य वाटेल तिथे कृपया लिहून ठेवा. ज्यांच्या घरी वही नाही त्यांच्यासाठी सांगतो : हेमा राईरकर आणि गी प्वॉत्वाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, एक हजाराहून अधिक गावांतून. बर्नार बेल यांनी त्यांची संगणकीय मांडणी केली. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह आणि पुष्कळ वेळा तिच्या आवाजासह. मी वर विचारले होते की ओवीतली ‘मी’ कोणाची. एकाच ओवीचे चार गावांतले चार पाठ शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला थोडे उमगले. तीन शब्द सगळ्यांचे असतात आणि चौथा प्रत्येकीचा असतो. कोणी तिथे आपल्या गावचे नाव घालते, कोणी लेकीचे, कोणी मेलेल्या बाळाचे.

साने गुरुजींनी आणि पुढे सरोजिनी बाबर यांनी केलेले संकलनही असेच वाचावे, चौथा शब्द शोधत.

पलीकडचा तीर

मी टोरांटोत राहते. गोदाकाठ यांनी सांगितलेल्या त्या संकेतस्थळावरचे आवाज मी हिवाळ्यात ऐकले, खिडकीबाहेर बर्फ असताना, आणि एका ओवीच्या मागे जात्याची घरघर ऐकू आली तेव्हा हातातली भांडी तशीच ठेवून खाली बसले. इथे सगळे ‘लव्ह यू’ म्हणतात, माझी मुलेही फोन ठेवताना म्हणतात, आणि ते मनापासूनच म्हणतात. माझी आई मात्र फोन ठेवताना ‘जेवलीस का’ म्हणते. अनेक वर्षे मला वाटे की आपल्याकडे प्रेम बोलून दाखवत नाहीत. माहेरवाट यांच्या आजोबांची ओवी वाचल्यावर कळले की आई ते रोज बोलूनच दाखवत होती, मला ती भाषा ऐकू येत नव्हती. काल तिने विचारले तेव्हा मी काय काय जेवले ते सगळे सांगितले. ती पाऊण तास बोलत होती.

खुंटा

बाळ, आईला उद्याही सांग.

माझ्या घरी जाते अजून आहे, माळवदाखाली उभे करून ठेवलेले. धाकट्या नातीच्या लग्नात ते खाली काढले, खुंट्याला हळकुंड आणि सुपारी बांधली, घाणा भरला आणि मला ओवी म्हणायला बसवले. चार बायकांनी फोन समोर धरले होते. मला देवाची ओवी आठवली, माहेरची आठवली, पण ज्या ओव्या माझ्या होत्या त्या तोंडातून निघेनात. इतक्या लोकांसमोर त्या म्हणायच्या नसतात, हे शरीरालाच ठाऊक होते असे वाटते.

माहेरवाट

मावशीशी काल रात्री बोलणे झाले. ती आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला ऐकू कमी येते, म्हणून ओवी मला तीनदा मोठ्याने म्हणावी लागली. तिसऱ्या वेळी ती गप्प झाली आणि मग तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते.

आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि आजोबांनी अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहिले. ते सगळ्यांनी वाचले, तिला मात्र वाचता आले नाही, कुणीतरी कानात सांगितले. ते नाव पाच अक्षरी होते. पुढे कागदोपत्री, शिधापत्रिकेवर, जमिनीच्या दाव्यात, दवाखान्यात तेच नाव राहिले आणि ते लिहिता येत नसल्यामुळे ती अंगठा देत राहिली.

माहेरचे नाव दोन अक्षरी होते. लहानपणी भावाच्या पाटीशेजारी बसून ती ती दोन अक्षरे गिरवायला शिकली होती. तेवढीच, बाकीची बाराखडी नाही. दळण संपले की जात्याभोवती साचलेले पीठ कुंच्याने गोळा करायच्या आधी ती त्यात बोटाने ती दोन अक्षरे काढी आणि लगेच कुंचा फिरवी. मावशीने हे लहानपणी अनेकदा पाहिले होते. एकदा तिने विचारले, ‘आई, हे काय?’ तेव्हा आजी म्हणाली, ‘काय न्हाई, पीठ सारखं करते.’

मी विचारले, आजोबांना हे माहीत होते का? मावशी म्हणाली की आजोबा तिला म्हातारपणी कधी कधी त्याच दोन अक्षरी नावाने हाक मारीत, पण घरात दुसरे कोणी नाही असे पाहून. मावशीने ते परड्यातून ऐकले होते. त्यांना ते नाव कोणी सांगितले हे तिला ठाऊक नाही. पिठात पाहिले असेल.

त्या नावाने आजीला आता कोणी ओळखत नाही. मावशीने ते मला सांगितले आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर, त्या ओवीखाली, लिहून ठेवले आहे. इथे लिहीत नाही.

पाटीपेन्सिल

ताई, वही 1978 ची आणि शिसपेन्सिलीची आहे. पेन्सिलीचे अक्षर घासून पुसट होते, पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढून काढू नका. आधी प्रत्येक पानाचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढा, दोन ठिकाणी साठवा, मग 143 ओव्या टंकायला घ्या. आईंच्या बारीक अक्षरातल्या नोंदीही सोडू नका, ‘ही दोनदा म्हटली’ यासारख्या. टंकायला मदत हवी असल्यास मला सकाळी वेळ असतो.

माहेरवाट

हवी आहे, सर. रविवारी पहिली वीस पाने पाठवते.